आधी मोजणी, मग यंत्र

नागोठण्याच्या कोल्हापुरी बंधाऱ्यावर अडवलेले अंबा नदीचे पाणी मोठमोठ्या उद्योगांपर्यंत पोचते, आणि शेजारच्या पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. नव्या योजनांसाठी पाठपुरावा होतो, तो व्हायलाच हवा. पण टाकीतून निघालेल्या पाण्यापैकी किती वाटेतच मुरते, हे ग्रामसभेत क्वचितच विचारले जाते.

गळती शोधण्याची जुनी रीत कानाची. पाइपला किंवा व्हॉल्व्हला लोखंडी कांडी टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. पुढची पायरी कोरिलेटरची: वाहिनीवर दोन ठिकाणी संवेदक बसवतात, आवाज दोन्हींकडे किती वेळाच्या फरकाने पोचला त्यावरून छिद्राची जागा काढतात. लोखंडी पाइपवर हे उत्तम चालते. प्लॅस्टिकचा पाइप मात्र आवाज गिळतो, आणि गावांतल्या बऱ्याच वाहिन्या आता प्लॅस्टिकच्या आहेत. शिवाय वाहिनीची लांबी आणि मार्ग नेमका ठाऊक नसेल, तर कोरिलेटरचे उत्तर चुकते. अनेक गावांत हा नकाशा कागदावर नसून पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो. नायट्रोजनमध्ये 5 टक्के हायड्रोजन मिसळून वाहिनीत सोडण्याची पद्धत प्लॅस्टिकलाही चालते. पण ती खर्चिक, आणि खाजणाच्या चिंब मातीतून वायू सरळ वर येत नाही.

रात्री दोन ते चारच्या दरम्यान, वापर थांबलेला असताना, प्रवाह मोजणे ही सर्वांत भरवशाची रीत. त्यासाठी वाहिनी सतत भरलेली हवी. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिले, म्हणून आपणही तसेच करावे, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. भरलेल्या वाहिनीत बाहेरची घाण शिरत नाही. पण हिशेब पाहा. 20 मीटर दाबाखाली 3 मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला सुमारे 300 लिटर पाणी जाते. दोन तासांच्या पुरवठ्यात 600 लिटर, म्हणजे अकरा माणसांचा वाटा. तेच छिद्र न बुजवता चोवीस तास पाणी सोडले, तर 7,200 लिटर, म्हणजे एकशे तीस माणसांचा. गळती न शोधता चोवीस तासांची घोषणा केली, तर वाहिनीच्या शेवटच्या टोकाचे घर कोरडेच राहील.

म्हणून माझे मत असे: प्रत्येक ग्रामपंचायतीने महागडी यंत्रे घेऊ नयेत. ती जिल्हा परिषदेने तालुक्याच्या पथकाकडे ठेवावीत. गावाने आधी टाकीच्या तोंडाशी मीटर बसवावा आणि रोजची नोंद ठेवावी. टाकी भरून गावातले व्हॉल्व्ह बंद करावेत. तरीही पातळी उतरली, तर टाकीत, मुख्य वाहिनीत किंवा त्या व्हॉल्व्हमध्येच दोष आहे. खारेपाटात आणखी एक खूण आहे. उधाणाच्या भरतीनंतर नळाचे पहिले पाणी मचूळ लागले, तर रिकाम्या वाहिनीत खारे पाणी शिरल्याची शंका घ्यावी आणि त्या गल्लीपासून शोध सुरू करावा. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला परत पाठवू नये, तक्रारीची तारीख आणि वेळ वहीत लिहून घ्यावी. हे काम जमीन सुकल्यावर, जानेवारीपासून हाती घ्यावे. पावसाळ्यात ओल कुठली आणि गळती कुठली, हे कोणालाच सांगता येत नाही.