डोंगर पाहायचा तो पायांनी!

परवा एक ओळखीचे गृहस्थ दवाखान्यात आले. वय पन्नाशीचे, मधुमेह जुना. सुट्टीत सहकुटुंब महाबळेश्वरला जाऊन आले होते. "डॉक्टर, दोन दिवसांत अकरा पॉइंट झाले!" ते कौतुकाने म्हणाले. चाललात किती, असे विचारताच हसले. गाडीतून उतरायचे, फोटो काढायचा, गरम भजी खायची आणि पुन्हा गाडीत बसायचे. तपासणीत साखर चांगलीच वाढलेली निघाली.

वाचकहो, गंमत पाहा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८च्या सुमारास, हे ठिकाण वसवले गेले ते आजारी माणसांना हवापालट व्हावा म्हणून. तेथे जाऊन आपण आजार वाढवून घेऊन येतो!

माझे मत स्पष्ट आहे. अकरा पॉइंट गाडीतून पाहण्यापेक्षा दोनच पाहा, पण पायी. सकाळी गावातून विल्सन पॉइंटला चालत जा. तेथील हे सर्वांत उंच ठिकाण, १,४०० मीटरच्याही वर. वेण्णा तलावावर होडीच्या रांगेत उभे राहण्याआधी काठाने फेरफटका मारा. केट्स पॉइंटवरून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. तेथे घटकाभर शांत बसा. सतत जवळचे पाहून शिणलेल्या डोळ्यांना दूरवर पाहण्याने विसावा मिळतो.

"बरोबर म्हातारी माणसे असतात, कसे चालणार?" असे काही जण विचारतात. म्हणून त्यांना गाडीत बसवून ठेवायचे का? सपाट वाट निवडा आणि त्यांच्या चालीने चाला. मात्र पायी जाणाऱ्याला गाड्यांच्या गर्दीत जीव मुठीत धरून चालावे लागू नये. अशा गावांत रस्त्याकडेने सलग पाऊलवाट हवीच. वाहनतळाइतकीच तीही गरजेची आहे.

काही पथ्ये पाळा. चालताना बोलता यावे इतपतच वेग ठेवा. उतारावर गुडघ्यांवर भार येतो, तेव्हा पावले लहान टाका, हाती काठी घ्या. मधुमेहींनी नवी पादत्राणे टाळावीत, खिशात साखर ठेवावी. छातीत दुखले किंवा दरदरून घाम आला तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा. पावसाळ्यात निसरड्या कड्यांपासून दूर राहा.

त्या गृहस्थांना औषध दिलेच, पण चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ लिहिली : 'रोज संध्याकाळी अर्धा तास चालणे.' आठवड्यातून पाच दिवस असे चालले, तरी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली १५० मिनिटे भरतात. महाबळेश्वरला आपण वर्षातून एकदा जाणार. गावाबाहेरची टेकडी आणि तळे तर रोजचेच आहे. तेथे जायला गाडी कशाला हवी?