नॅकच्या कुंड्या आणि बाबासाहेबांचा हिशोब

गेल्या जानेवारीत खांदेश्वर स्टेशनजवळच्या आमच्या अभ्यासिकेत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. "ताई, उद्या कॉलेजात नॅकची कमिटी येणार आहे. सगळ्यांना नीटनेटके कपडे घालून बोलावलंय. पण माझा स्कॉलरशिपचा अर्ज चार महिने कॉलेजच्या लॉगिनवर पडून आहे, त्याचं काय?"

भिंतींना ताजा रंग होता, व्हरांड्यात भाड्याच्या कुंड्या होत्या. समितीसमोर कोणते विद्यार्थी बसणार हेही ठरलेले होते. त्या यादीत ही मुलगी नव्हती.

यूजीसीने १९९४ साली नॅक स्थापन केली. तिचे सात निकष आहेत. कॉलेज आपला अहवाल आपणच लिहिते, समिती पाहणी करते, श्रेणी मिळते आणि ती फाटकावर झळकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर आंध्रातील एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने पाहणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना अटक केली.

म्हणून काही मित्र म्हणतात, नॅकच बंद करा. मला हे पटत नाही. तपासणी गेली तर संस्थाचालकाला विचारणारे कोणीच उरणार नाही, आणि त्याचा पहिला फटका आपल्याच मुलांना बसेल. तपासणी हवीच. प्रश्न आहे तो मोजायचे काय याचा.

याचे उत्तर बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात दिले होते. शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी शाळांच्या इमारती मोजल्या नाहीत. प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हा हिशोब त्यांनी सरकारपुढे मांडला. वाटेत गळालेले मूल कोणाचे, हा त्यांचा सवाल होता.

हाच हिशोब आज कॉलेजला मागा. तीन वर्षांपूर्वी अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांचे किती विद्यार्थी प्रथम वर्षाला होते? त्यातल्या किती जणांना पदवी मिळाली? शिष्यवृत्तीचे किती अर्ज कॉलेजच्या पातळीवर किती दिवस अडकले? यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी सांगितलेला समान संधी कक्ष आहे का, आणि त्याच्याकडे आलेल्या तक्रारींचे काय झाले? हे नियम नीट अमलात यावेत म्हणून रोहित वेमुलाची आई राधिका आणि डॉ. पायल तडवीची आई आबेदा यांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. लेकरे गमावलेल्या आयांनी जे विचारले, ते आपण जिवंतपणी का विचारू नये?

मित्रांनो, कॉलेजचा नॅक अहवाल त्याच्या संकेतस्थळावर असतो, तो वाचा. त्यातले दावे आणि तुमचा अनुभव शेजारी शेजारी लिहा. अनुदानित कॉलेज असेल तर दहा रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. विनाअनुदानित असेल तर समाजकल्याण कार्यालयाकडे आणि विद्यापीठाकडे माहिती मागा. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

त्या मुलीचा अर्ज समिती गेल्यावर तीन आठवड्यांनी पुढे सरकला, तोही आम्ही पाच जण लेखी निवेदन घेऊन कार्यालयात उभे राहिलो तेव्हा. कुंड्या मात्र दुसऱ्याच दिवशी टेम्पोत बसून परत गेल्या होत्या.

जय भीम!