वारावरून वेतनाकडे

परवा छत्रीबागेतील एका परिचित कुटुंबात गेलो असता घरात थोडा ताण जाणवला. मुलगा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात. शुल्काची रक्कम जुळत नव्हती. एका वाचनालयात संध्याकाळचे तीन तास काम मिळत होते. मुलगा तयार होता, पण आईचे मन घेईना. “मामाकडून उसने आणू, पण शिकत्या वयात चाकरी नको. लोक काय म्हणतील?”

हा संकोच आपणा सर्वांच्याच परिचयाचा आहे. वार लावून जेवलेल्या, माधुकरी मागून शिकलेल्या पूर्वजांच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. मग स्वतःच्या श्रमावर शिकण्यात उणेपणा कसला?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हाच प्रश्न महाराष्ट्राला विचारला. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबत, एकत्र जेवत आणि शिकत. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही दिले. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणातही आले. आज पुणे विद्यापीठाच्या याच नावाच्या योजनेत गरजू विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात वा बागेत काम करतात व तासांच्या हिशेबाने मानधन घेतात.

अमेरिकेतही १९६४ च्या कायद्याने अशी सोय झाली. तेथे वेतनाचा मोठा वाटा, सामान्यतः ७५ टक्क्यांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. उरलेला काम देणारी संस्था. दिवसाचे दोन-तीन तासच देऊ शकणारा आणि परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मागणारा नवशिका ठेवणे संस्थेला परवडावे, हे त्यामागील इंगित.

अर्थात, अशा मिळकतीतून सारा खर्च भागत नाही. वह्या-पुस्तके, खानावळ, प्रवास एवढा भार हलका होतो. शिवाय कामाने अभ्यासच गिळला, तर हेतूच बुडाला. म्हणून तासांना मर्यादा हवी.

आपल्या समाजातही वाचनालये आहेत, मंडळे आहेत, हिशेब ठेवावे लागणारे न्यास आहेत. दर वर्षी आपण गुणवंतांना पारितोषिके देतो. त्यांतील काही रक्कम दोन-तीन मुलांच्या मानधनासाठी बाजूस काढता येणार नाही का? दानाने गरज भागते. वेतनाने गरज भागून मानही ताठ राहते.

हेच त्या घरीही बोललो. माउली काही बोलली नाही. मी निघताना मात्र मुलाला विचारती झाली, “संध्याकाळी किती वाजता जायचे असते रे तिथे?”