मैफल आणि जप्ती

१३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी भरलेल्या फिलाडेल्फियाच्या विराट संगीतसभेत, जमलेल्या निधीतील अल्पसा अंश याच देशातील, म्हणजे अमेरिकेतील, शेतकऱ्यांची गहाणे सोडविण्याकडे वळवता आला तर बरे, असे बॉब डिलन बोलून गेले, तेव्हा पुष्कळांना ते अप्रस्तुत वाटले. परंतु विली नेल्सन यांनी ते मनावर घेतले, आणि जॉन मेलनकॅम्प व नील यंग यांच्या साहाय्याने त्याच वर्षी २२ सप्टेंबरला इलिनॉयमधील शॅम्पेन येथे ‘फार्म एड’ची पहिली सभा भरवली.

त्याआधीच्या दशकात धान्याला भाव होता, जमिनीच्या किमती चढत होत्या, आणि कर्ज घ्या म्हणून बँकाच आर्जव करीत होत्या. पुढे व्याजाचे दर कडाडले, १९८० साली सोव्हिएत रशियाला धान्य विकण्यावर निर्बंध आले, आणि जिच्या तारणावर कर्ज काढले त्या जमिनीचेच मोल उतरले. मग जप्ती आली. अंगणात ट्रॅक्टर, नांगर, पाने-हातोड्यांच्या पेट्यासुद्धा ओळीने मांडल्या जात, आणि घरधन्याच्या देखत शेजारीपाजारीच त्यांवर बोली बोलत. कुठे कुठे कचेरीपुढच्या हिरवळीवर शेतकऱ्यांनी गेलेल्या शेतांच्या नावाने पांढरे लाकडी क्रूस रोवले.

पहिल्या सभेचे ७० लाखांहून अधिक डॉलर अब्जावधींच्या कर्जापुढे ते किती, असा आक्षेप घेतला जातो. हिशेब खरा आहे. मोजमाप मात्र चुकीचे आहे. ज्यांचा शब्द वृत्तपत्रे छापतात अशा गायकांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन थेट काँग्रेसपुढे त्यांची दाद मागितली, आणि जप्तीपेक्षा कर्जाची फेररचना स्वस्त पडत असेल तर फेररचनाच करावी, असे बंधन शेतीच्या सहकारी पतसंस्थांवर घालणारा कायदा १९८७ च्या काँग्रेसने संमत केला, यात त्या गायकांचाही वाटा आहे. शिवाय ते एकदा गाऊन परतले नाहीत. नखीने झिजून भोक पडलेली आपली जुनी गिटार घेऊन नेल्सन २०२५ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, मिनियापोलिसच्या सभेतही उभे होते.

आपल्या मंडळातील कित्येकांच्या घरी अजून सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आहे, आणि या देशातील शेतकऱ्याचे अन्न आपण रोज खातो. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे, की दिवाळीच्या मैफलीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा, एका वर्षापुरता नव्हे तर सतत दहा वर्षे, आपल्या राज्यातील अडचणीत आलेल्या शेतकरी कुटुंबांसाठी द्यावा. सभासदांनी उपस्थित राहून त्यास अनुमोदन द्यावे, ही विनंती.