सुरक्षित, पण कशापेक्षा?

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही, धूर होत नाही, म्हणून ती सुरक्षित, असे तिचे समर्थक सांगतात. सिगारेटशी तुलना केली तर यात तथ्य आहे, कारण कर्करोगाला कारण ठरणारी बरीच द्रव्ये जळण्यातूनच तयार होतात. पण चंद्रपूर-गडचिरोलीत ही तुलनाच गैरलागू ठरते. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. आपल्याकडचे व्यसन खर्र्याचे आहे. सुपारीचे तुकडे, सुगंधित तंबाखू आणि चुना पन्नीत घोटला की पानठेल्यावर पुडी तयार होते. ती खाणाऱ्याच्या हाती ई-सिगारेट दिली, तर कोणता धूर सुटणार? खर्रा तसाच राहील आणि निकोटीनची आणखी एक वाट उघडेल.

ई-सिगारेटमध्ये तापवून ओढल्या जाणाऱ्या द्रवात असते तरी काय? प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादद्रव्ये. यांतले बरेच पदार्थ खाण्यात वापरले जातात, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण पोटाला जे चालते ते फुप्फुसाला चालेलच असे नाही. द्रव फार तापला की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन तयार होऊ शकतात. अमेरिकेत २०१९मध्ये ई-सिगारेट ओढणाऱ्यांत पसरलेल्या फुप्फुसविकाराने २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले. फेब्रुवारी २०२०पर्यंत मृतांचा आकडा ६८ होता. मुख्य संशय ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटवर आला. हाच पदार्थ गोळ्यांत आणि त्वचेच्या मलमांत सर्रास असतो. बहुतेक रुग्णांनी गांजातील नशाद्रव्य असलेला, अनेकदा चोरट्या बाजारातला द्रव ओढला होता, हेही खरे. पण भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात आणि विक्री बंद आहे. म्हणजे इथे हाती पडणारी प्रत्येक कुपी चोरट्या बाजारातलीच, आणि तिच्यावरच्या लेबलाची हमी देणारे कोणी नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की सिगारेट सोडायला ई-सिगारेट निकोटीनच्या पट्टी-गोळ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे आंतरराष्ट्रीय संशोधन सांगते. ते मान्य. पण ते संशोधन धूम्रपान करणाऱ्यांवरचे आहे, खर्रा खाणाऱ्यांवरचे नाही. दुसरा आक्षेप असा, की बंदी टिकत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, सुगंधित तंबाखूही बंदीच्या यादीत आहे, तरी खर्रा मिळतोच. हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मात्र बंदी निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. नुसता कायदा पुरत नाही, एवढेच त्यातून कळते. ही उणीव ओळखूनच गडचिरोलीत २०१६पासून राज्य शासन, ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांचे ‘मुक्तिपथ’ अभियान गावागावांत काम करते आहे. तिथे गाव स्वतः विक्री बंद करण्याचा ठराव घेते आणि व्यसन सोडू पाहणाऱ्याला तालुक्याच्या क्लिनिकमध्ये उपचार मिळतात.

आपल्याला हाच रस्ता धरायला हवा. खर्रा सोडू पाहणाऱ्याला समुपदेशन हवे, गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनची गोळी हवी, आणि तोंडात पांढरा चट्टा दिसताच तपासणी हवी. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्या शाळकरी मुलासाठी तर या द्रवाची तुलना सिगारेटशी होऊच शकत नाही. ती स्वच्छ हवेशीच करावी लागेल, आणि त्या तुलनेत कुठलीही कुपी सुरक्षित ठरत नाही.