चाड्यावरची मूठ अकुशल कशी?



येवल्याकडच्या एका रानात रब्बी ज्वारीची पेरणी चालली होती. आम्ही कृषी पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलेलो. एकरी 4 किलो बियाणे, दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर, सगळे तोंडपाठ. हौसेने चाड्यावर मूठ धरली आणि तीन तासांतच पाभर थांबवावी लागली. कुठे दाट, कुठे कोरे. घरची म्हातारी काही न बोलता पुढे झाली. बैलांची चाल पाहून तिची बोटे सुटत होती. दाट पडले तर कणसे भरायच्या आत जमिनीतली ओल संपते, विरळ पडले तर रान वाया, हे तिच्या हाताला ठाऊक होते. आमच्या परीक्षेत ते आले होते, हातात आले नव्हते.

या म्हातारीच्या कामाला सरकारी हिशेबात भाव कोणता? साध्या मजुरीचा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात फिटर, टर्नर आणि ओझी वाहणारा यांचा पगार वेगळा असतो. काम कोणते, त्याला शिकावे किती लागते, हे पाहून पगार ठरतो. ही रीत आम्हाला मान्य आहे. 2019 च्या वेतन संहितेतही अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल अशा पायऱ्या आहेत. शेतकऱ्याच्या घरच्या श्रमाचा हिशेब आला की मात्र या पायऱ्या गायब होतात. कृषी मूल्य आयोग कुटुंबाचे श्रम किमान वेतनाने किंवा गावातल्या चालू मजुरीने धरतो. म्हणजे कापसातल्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले म्हणून फवारणीचा निर्णय घेणारा माणूस आणि दगड उचलणारा माणूस एकाच रोजावर!

फवारणीवरून आठवले. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध कोणते, मात्रा किती, वारा कुठला, पिकाची उंची किती, हे न कळल्यास जीव जातो त्या कामाला अकुशल कोणत्या तोंडाने म्हणायचे?

हे सरकारला कळत नाही असे नाही. 1990 साली हनुमंतराव समितीने शेतकऱ्याच्या व्यवस्थापनापोटी खर्चात 10 टक्के धरावेत असे सुचवले. त्यातून सी-थ्री नावाचा हिशेब तयार झाला. पुढे रमेश चंद समितीने कुटुंबप्रमुखाला कुशल कामगार धरा, असे 2015 मध्ये सांगितले. आणि 2018 साली दीडपट भावाची घोषणा झाली ती कशावर? ए-टू अधिक एफएल, म्हणजे पदरचा खर्च आणि घरच्यांची तीच मजुरी. व्यवस्थापनाचे 10 टक्के त्यात नाहीत.

वरचे 50 टक्के हाच तुमच्या अकलेचा मोबदला, असे काही पंडित म्हणतात. ते 50 टक्के पावसाच्या जुगाराचे आहेत, बाबांनो. शिवाय तो भाव बाजारात मिळाला तर! ज्वारीला तो मिळतो की नाही, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या छाटणी, डिपिंग, विरळणी एकरी उक्ते घेतात. कोणता डोळा ठेवायचा हे त्यांना कळते आणि बागायतदारही ते जाणून भाव करतो. तिथे पिकाला पैसा आहे म्हणून हाताच्या ज्ञानाला किंमत आली. आमच्या कोरडवाहू रानात निंदणाऱ्या बाईला तण आणि रोप पहिल्या दोन पानांत ओळखता येते, तरी तिचा रोज वाढत नाही. मालक कंजूष आहे म्हणून नव्हे (काही आहेतही), तर त्याच्याच घरातल्या बाईचा रोज खर्चात कमी धरलेला आहे. घरधनिणीला जो भाव सरकार देत नाही, तो तिने मजूरबाईला कुठून द्यावा?

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका कापसाच्या आणि एका ज्वारीच्या शेताची वही आणावी. पेरणी ते वेचणी-मळणी, कोणते काम घरच्या कोणी केले, किती दिवस, आणि त्यात कोणता निर्णय घ्यावा लागला, हे लिहावे. बायकांची कामे बायकांनाच विचारून लिहा. पुरुषांच्या वहीत ती निम्मी होतात, असा आमचा अनुभव आहे.