कौले उतरवण्याआधी

कोकणात आमच्या गावोगावच्या मशिदींची कौले उतरत आहेत. आखातात राबणाऱ्या मुलांचा पैसा येतो, जमातीची बैठक बसते, चंदा जमतो आणि सागाचे वासे विकले जातात. मग स्लॅब पडतो, स्लॅबवर घुमट, कडेला मिनार. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : ‘मशीद मशिदीसारखी दिसायला नको का?’

आम्ही विचारतो, मशिदीसारखी म्हणजे कशी? काबागृहाला घुमट नाही, छत सपाट आहे. मदिनेत पैगंबरसाहेबांच्या मशिदीचे पहिले छत खजुराच्या खोडांचे आणि झावळ्यांचे होते. तिथल्या रौज्यावर घुमट आला तो १२७९ साली, आणि त्याला हिरवा रंग लागला १८३७ साली. मग त्याआधीच्या पिढ्यांचे ईमान काय कमी होते?

छपराचा आकार दीनने ठरवलेला नाही. तो ऊन, पाऊस आणि हाताशी असलेल्या लाकडाने ठरवला. जावामधील डेमाकच्या मशिदीचे छप्पर तीन टप्प्यांचे, कोळिकोडच्या मिश्काल मशिदीचे कौलारू. फोंड्याची आदिलशाही काळातली साफा मशीदही उतरत्या कौलांखालीच उभी आहे. विजापूरच्या गोलघुमटाचा अभिमान आम्हालाही आहे. पण तो मकबरा आहे, आणि विजापुरात कोकणचा पाऊस नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. काही पावसाळ्यांतच स्लॅब गळू लागतो आणि त्यावर पत्र्याचे उतरते छप्पर चढते. म्हणजे लाखो रुपये घालवून आम्ही पुन्हा उतारावरच येतो. कौलांचा गारवा तेवढा जातो.

खरे दुखणे याहून खोल आहे. ‘तुम्ही बाहेरचे’ असे आम्हाला येता-जाता ऐकवले जाते. त्याचे उत्तर आमच्या वाडवडिलांनी या छपरात देऊन ठेवले होते : शेजारच्या घरासारखेच आढे, तशीच कौले, आत तोंड मात्र किब्ल्याकडे. तो पुरावा आम्ही आमच्याच हातांनी भंगारात घालत आहोत.

जमात वाढली, जागा अपुरी पडते, लाकडाला वाळवी लागते, हे आम्हाला मान्य आहे. मग कुजलेला वासा बदला, शेजारी नवी जागा बांधा. केरळात कोडुंगल्लूरच्या चेरामन मशिदीने नंतरचे काँक्रीट काढून जुने कौलारू रूप परत आणलेच ना?

चंद्याची पुढली पावती फाडण्याआधी प्रत्येक जमातीने पहिल्यांदा सुताराला बोलवावे, ठेकेदाराला नंतर.